जवळ्याचं ऊन

आमच्या शेजारणीने डिझेलचा टेम्पो विकून विजेवरची तीनचाकी घेतली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. त्याचा पर्यावरणाशी काही संबंध नव्हता. तो टेम्पो रोज पहाटे माझ्या खिडकीखाली सुरू व्हायचा. तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर धूर घरपोच मिळेल असं वाटलं नव्हतं.

शेजारीण बंदरावर मासळी घेते आणि बोईसरच्या बाजारात विकते. गाडी आली त्या दिवशी तिच्या दारात मांडव पडला. गच्चीवर सौर पॅनल, अंगणात गाडीसाठी सिमेंटचा कोबा आणि पत्र्याची शेड, गाडीला झेंडूचा हार. एका पुढाऱ्याने नारळ फोडला आणि सूर्यक्रांती या विषयावर लांबलचक भाषण केलं. त्याची स्वतःची गाडी तेवढा वेळ इंजिन चालू ठेवून रस्त्यात उभी होती. आतला गारवा टिकायला हवा होता.

क्रांती पंधरवडाही टिकली नाही. शेजारणीच्या घरची जुनी वायरिंग गाडीचा भार झेलत नव्हती, त्यामुळे सगळा भरवसा पॅनलवर. ऊन रखरखीत पडायचं, पण गाडीची बॅटरी अर्धीसुद्धा भरायची नाही. एकदा ती सरावलीजवळ, बर्फातल्या मासळीसकट, बंद पडली. तिथल्या कामगारांनी ढकलली आणि वर एकाने विचारलं, “भाभी, इसमें पैडल नहीं है क्या?” हे तिने मला हसत सांगितलं. मग हसू आवरून म्हणाली की होळीपर्यंत वाट बघणार, नाहीतर गाडी परत आणि डिझेलचा टेम्पो पुन्हा दारात. उशिरा पोचलेल्या मासळीला गिऱ्हाईक मिळत नाही. मी माझ्या खिडकीकडे पाहिलं.

पॅनल बसवणाऱ्यांचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा आधी फोन करून आला आणि दोन्ही वेळा पॅनल चोख चालत होते. बाई गाडी चार्जिंगला लावायला विसरतात का, असं त्याने मला हळूच विचारलं. तिसऱ्यांदा तो न सांगता आला. चिंचणीत दुसरं काम होतं, वाटेत डोकावला. शेजारीण अजून बाजारातून परतली नव्हती, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी मीच त्याला गच्चीवर घेऊन गेलो.

पॅनल दिसतच नव्हते. त्यांच्यावर जुनी लुगडी अंथरून जवळ्याची बारीक कोळंबी वाळत घातली होती आणि कावळ्यांसाठी वरून फाटकं जाळं. शेजारणीची सासू काठी घेऊन राखणीला बसली होती. खरं तर वासावरूनच कळायला हवं होतं, पण आमच्या गावात वास हा पुरावा धरत नाहीत.

हे रोज चालतं का, असं मी विचारलं.

“रोजच. अंगणात गाडी बसवली, मंग जवला कुठं घालू? हे कालं लवकर तापतं.”

मग मेकॅनिक आला तेव्हा पॅनल मोकळे कसे होते? म्हातारीने माझ्याकडे दयेने पाहिलं. “पावना येनार म्हटल्यावर वालवण पसरून ठेवतात? घराची अब्रू हाय का नाय?”

तेवढ्यात शेजारीण वर आली. सासू जवळा गच्चीवर घालते हे तिला माहीत होतं; गच्चीवर नेमका कशावर, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

“आय, मला इचारायचं तरी.”

“तू अंगण घेतलंस तवा मला इचारलंस?”

मेकॅनिक इमानेइतबारे आपल्या बुटांकडे बघू लागला. शेजारीण खाली बसली आणि जवळा टोपलीत भरू लागली. मी माझी गच्ची देऊ केली. तिच्यावर पाण्याच्या टाकीपलीकडे काही नाही. म्हातारी काठी टेकत येऊन बघून गेली. तळवा टेकवून फरशीची परीक्षा घेतली, ऊन जरा कमी पडतं म्हणाली, आणि कावळे मी हाकणार असलो तरच ती येणार, असं बजावलं.

त्या आठवड्यापासून गाडी रोज भरते. होळी आली आणि गेली, टेम्पो आला नाही. दुपारी मी छत्री लावून, मांडीवर पुस्तक आणि हातात काठी घेऊन जवळ्याजवळ बसतो. पहाटे गाडी कधी निघते ते मात्र सांगता येत नाही. मी झोपलेला असतो.