बेचाळीस पायऱ्यांवरचा रक्तदाब

आमच्या कारखान्यातला क्रेनवाला एकवीस वर्षं छताखालच्या केबिनमध्ये बसला. मी खाली उभा राहून त्याला हाताने इशारे द्यायचो. उचल, थांब, डावीकडे, हळू सोड. टेबलावर चहाचा कप ठेवावा, तसं तो दहा टनांचं ओझं ठेवायचा. काम चोख. बोलणं मात्र हातवाऱ्यांपलीकडे कधी गेलं नाही. यंत्रांच्या गोंगाटात ऐकू येत नसे, आणि जेवायला तो खाली उतरत नसे. मधली चढउतार म्हणजे फुकटची मेहनत, असं त्याचं मत. मलाही ते पटायचं.

मग वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली. आकडा उतरला नाही तर क्रेन बंद. मग गेटवर बसून आल्यागेल्याच्या सह्या घ्यायच्या. दोन महिने झाले, आकडा हटेना.

त्याची बायको मला बाजारात भेटली. गोळी ती समोर उभी राहून गिळायला लावत होती. मीठ घरातून हद्दपार. मग अडलंय कुठे, मी विचारलं.

"भाऊजी, हा माणूस बोलतच नाही हो. भाजी वाढताना हात असा आडवा करतो, की मी थांबायचं. मी काय क्रेन आहे?"

ती सवय माझ्याकडूनच त्याच्या घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी डबा कमरेला बांधून बेचाळीस पायऱ्या चढलो. मला बघून त्याला वाटलं, क्रेन बिघडली. म्हटलं, जेवायला आलोय. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, झोप लागत नाही. मी लगेच चार उपाय सांगितले. तो गप्प झाला तो जेवण संपेपर्यंत. बेचाळीस पायऱ्या वाया.

पुढच्या दिवशी त्याने तोंड उघडलं, तेव्हा माझ्या तोंडात मोठा घास होता. बोलता येईना, म्हणून हात हलवला: हळूहळू चालू दे. माझा इशारा त्याने कधी मोडला नव्हता. तो बोलत राहिला.

गेल्या वर्षी त्याचा थोरला भाऊ वारला. निरोप आला तेव्हा मीच खालून हात केला होता: उतर. उतरल्यावर म्हटलं, घरी जा. पाच दिवसांनी तो कामावर आला आणि मी हात केला: उचल.

"तू काही विचारलंच नाहीस," तो म्हणाला.

घास केव्हाच संपला होता. तरी मी बोललो नाही.

पुढे महिनाभर रोज चढलो. ज्याला ऐकणं हलकं काम वाटत असेल, त्याने करून पाहावं. अर्धा तास तोंड मिटून बसण्यापेक्षा घण मारणं सोपं. भावाने पोहायला शिकवताना त्याला कसं बुडवलं, हे मी अकरा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी तो स्वतःच हसला. घरीही बोलायला लागला. वहिनी म्हणाल्या, आता आडवा हात मला करावा लागतो.

मुदतीच्या दिवशी मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. आकडा उतरला होता. गोळ्या तर पहिल्यापासून चालूच होत्या, म्हणून श्रेय त्यांनी मीठ तोडण्याला दिलं. महिनाभर तो माझ्या डब्यातली खारट भाजी खात होता, हे आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

क्रेन चालवायचं सर्टिफिकेट एका वर्षाचं मिळालं. म्हणजे माझ्या मागे अजून वर्षभर पायऱ्या. गुडघ्यांचं काय करावं, ते डॉक्टरांना विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही. त्यांनी चढणंच बंद केलं असतं.