थोडा दम लागतो

मनिषा रत्नागिरीतल्या एका खासगी इस्पितळात आजारांचे कोड टाकते. डॉक्टर केसपेपरावर जे लिहितात त्याचा कोड लावून ती सरकारी योजनेकडे पाठवते, मग उपचारांना मंजुरी मिळते. काम बसून करायचं, तरी संध्याकाळी पाठ बोलायला लागते. मंजुरी आली की कौतुक डॉक्टरांचं, अडली की खापर मनिषाच्या डोक्यावर. आता ती चिडतही नाही, चिडायला अंगात बळ उरायला हवं ना!

त्या दिवशी अडली ती सदूची. सदू नाटे गावचा, मासेमारीच्या होडीवर जाणारा. न्यूमोनियाने फुप्फुसं निकामी झालेली, श्वास व्हेंटिलेटरच घेत होता. मंजुरी आज संपत होती आणि मुदत वाढवायला योजनेवाले कारण मागत होते. केसपेपरावर मात्र डॉ. स्वरूपनी रोज इंग्रजीत एवढंच लिहिलेलं: थोडा दम लागतो. थोड्या दमाला व्हेंटिलेटर कोण देणार?

डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. इकडे कुठल्याही पेशंटच्या केसपेपराचा फोटो रोज मुंबईला मुलाकडे जातो. मुलगा तो चाळभर दाखवतो, मग फोनवर फोन आणि रडारड. म्हणून डॉक्टर मवाळ लिहायचे. तो मवाळपणा आता सदूच्याच मुळावर आला होता.

मनिषा जिना चढून वर गेली. डॉक्टरांना शब्द सुचवायची तिला मुभा नाही, विचारायची तेवढी आहे.

"सर, व्हेंटिलेटर कशासाठी लावलाय, तेवढं लिहा."

डॉक्टरांनी डोळे चोळले. "फोटो मुंबईला जाईल."

"जाऊ दे, सर. मंजुरी नाही आली तर त्याला सरकारी इस्पितळात हलवावं लागेल."

"वाटेतच जाईल तो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी खरं ते लिहिलं: फुप्फुसं अचानक निकामी, अवस्था गंभीर. खाली सही केली.

मंजुरी आली. मनिषाला हायसं वाटलं. बाहेर सदूची बायको बकुळा नव्या पानाचा फोटो काढत होती.

"ताई, आज काय लिवलानी?"

मनिषाने सगळं सांगितलं. मशीन राहणार, तेही सांगितलं.

बकुळाचा हात खाली आला. "आदी कां नाय सांगितलात? दर्शन येतो येतो म्हणत व्हता. मीच बोलली, थोडा दम लागतोय, गणपतीला येशील तवा बघ बापाला."

तिला नंबर लावता येईना. मनिषानेच लावला.

"दर्शन, आत्ताच निघा," ती म्हणाली. हे सांगायला तिला कुणाच्या सहीची गरज नव्हती.