टाकीच्या झाकणावरचं कुंकू

माझ्या बायकोने आमच्या जीपला कुंकू लावलं आणि जीप मरायला टेकली.

सुलूला जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून दुसरं काही आठवतच नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी भिवंडीत एका सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, क्लार्क होतो. दिवसभर सुताच्या खळीचा वास आणि बाहेर मागांची खडखड. त्यात शाळेतल्या कविता पुटपुटत बसायचो. पाठ झालेल्या कविता म्हाताऱ्यालाही सोडत नाहीत, तरण्याला काय सोडणार!

जुनी पेट्रोल जीप घेतली होती. पेट्रोलचा काटा मेलेला, हॉर्न मर्जीचा.

घेतली ती सुलूच्या वडिलांसाठी. आबा गणेशपुरीच्या पलीकडे, भाताच्या शेतांमधल्या घरात अंथरुणाला खिळलेले. एसटी सोडायची तिथून घर लांब. घरचे सगळं करायचे, पण आबा पोटभर जेवायचे ते रविवारीच. सुलूच्या हातून. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण.

त्या वर्षी दसऱ्याला सुलूने जीपची पूजा केली. स्वतःच्या कपाळाला लावायची तसंच. आधी मेण, मग कुंकू. पुसायला नको म्हणून.

बॉनेटला लावलं. स्टिअरिंगला लावलं. आणि टाकीच्या झाकणाला चांगलं अंगठाभर.

"तिथे कशाला गं?"

"तोंड आहे ना तिचं? तिथूनच खाते."

दसरा झाला आणि जीप अडखळायला लागली.

गावात ठीक. थोडी लांब गेली की पिकअप जायचा. ॲक्सिलरेटर दाबावा तर पुढे जाण्याऐवजी विचारात पडायची. वज्रेश्वरीच्या अलीकडे एक चढ आहे, तिथे तर हमखास. आधी एक उचकी, मग दुसरी, मग सगळा जोरच ओसरायचा.

नाक्यावरच्या रशीदभाईने प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला. एअर फिल्टरमधून मागांचा कापूस निघाला, उशी भरेल एवढा. ट्रायलला पेट्रोल टाकून नेली की शहाण्या मुलीसारखी पळायची.

"भाऊ, मेरे साथ तो मस्त चलती है. आप बैठते हो तभी नखरा करती है. कविता मत सुनाओ उसको."

आणि सुलू हसायची. "अहो, चाल लावून चढ चढत नाही."

चढावर बंद पडली की आमची कामं वाटलेली. मी बॉनेट उघडून खाटखुट करायचो. ती टाकीचं झाकण काढून बांबूच्या काडीने पेट्रोल मोजायची. मग जीप चालू व्हायची आणि मी मेकॅनिकसारखा हात पुसत बसायचो.

एका रविवारी निघतानाच टाकी भरली होती. काडी घालायची गरज नव्हती. सुलू आबांचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

त्या दिवशी जीप चालू झालीच नाही. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. एका टेम्पोने दोरी बांधून आम्हाला परत आणलं. डबा तिच्या मांडीवर तसाच.

घरी माझा मोठा भाऊ म्हणाला, "भंगारात घाला ती. पुढच्या सोमवारी माणूस पाठवतो."

सुलू एवढंच म्हणाली, "एक रविवार द्या, दादा."

तो रविवार आला. तोच चढ. तीच उचकी. बंद.

मी दार उघडलं तशी तिने माझा दंड धरला.

"थांबा. आज बॉनेटला हात लावू नका. आज फक्त माझं काम."

"टाकी भरलेली आहे गं."

"असू दे. दर वेळी तुम्ही तुमचं करता, मी माझं. त्या दिवशी माझं राहिलं होतं."

ती उतरली. झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ.

"ऐकलंत? उसासा टाकला तिने!"

चावी फिरवली. चालू.

मग मी झाकण हातात घेऊन बघितलं. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत हवा यायला लागते, त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. ते मेणाने गच्च बुजलेलं, म्हणून पेट्रोल पुढे सरकेना. वर कुंकू.

सुलू कुंकवाहून लाल झाली.

केसातला आकडा काढला आणि भोक मोकळं केलं. "रशीदभाईंना सांगू नका हं."

चढ चढलो. मी शाळेतली एक कविता म्हणायला लागलो. त्या दिवशी तिने अडवलं नाही. उलट शेवटची ओळ माझ्याबरोबर म्हटली.

आबा दाराकडे तोंड करून पडले होते.

"आलीस का गं? मागल्या ऐतवारी न्हाय आलीस. गाडीचा आवाज आयकीत व्हतो."

"आले ना आबा. गाडी जरा रुसली होती."

"मंग समजूत काढायची."

भावाने पाठवलेल्या माणसाला मी दारातूनच चहा पाजून परत धाडला. आबा गेले तोवर एकही रविवार चुकला नाही.

पुढे काही वर्षांनी जीप विकलीच. झाकण मात्र सुलूने काढून घेतलं. घेणारा टाकीला चिंधीचा बोळा कोंबून घेऊन गेला. दर दसऱ्याला ती त्या झाकणाला मेण-कुंकू लावायची. भोकाच्या शेजारी, जपून.

या दसऱ्याला मी लावलं. भोक मोकळं ठेवलं, सुलू.

आज तिच्या गावी निघालो होतो, टॅक्सीने. पूर्वीची शेतं ओळखू येत नाहीत. काचा बंद, एसी चालू. चढ कधी लागला ते कळलंसुद्धा नाही. कळला तेव्हा मनात आलं, अडखळ बाई एकदा.

नाही अडखळली.

ड्रायव्हरला म्हटलं, जरा बाजूला घे.

"क्या हुआ काका? गाडी में कुछ आवाज है क्या?"

"नहीं बेटा. कुछ आवाज नहीं है."

उतरून थोडा वेळ उभा राहिलो.

सुलू, तुला मनापासून नमस्कार. चढ चढलो गं. डबा मांडीवर घेऊन शेजारी कुणीच नव्हतं.