काकूंची झाकलेली ऊब

सासरी माझा पाय टिकला तो आमच्या चुलत सासूबाईंमुळे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढच्या गोंधळात ते राहून जायचं. त्यांना आम्ही काकू म्हणतो. अख्ख्या पंचवटीत थंडीचा इतका अपमान करणारी दुसरी बाई झाली नसेल. पौषातल्या सकाळी बाकीच्या बायका शालीत गुरफटून, लाल नाकांनी भाजी घ्यायच्या. काकू मात्र नायलॉनच्या पातळात, अंबाड्यावर शेवंती माळून, ताठ मानेनं वांगी निवडायच्या. शाल नाही. मफलर तर नाहीच. "मफलर बांधला की बाई दवाखान्यातून पळून आल्यासारखी दिसते," असं त्यांचं म्हणणं.

खरा कारभार आत असायचा. पातळाखाली दोन परकर, त्याखाली काकांचा लोकरीचा पायजमा, आणि वर स्वतः विणलेला लोकरी ब्लाउज, तोही फलालिनचं अस्तर लावलेला. अशा जामानिम्यानिशी त्या एकदा पिंपळगावच्या लग्नात पंगतीला बसल्या, तर शेजारची म्हातारी वाढप्याला म्हणाली, "हिला लय वाढ रे, दोन जिवांची हाय." काकू तेव्हा पन्नाशीच्या! त्यांनी निमूटपणे दोन जिलब्या जास्त घेतल्या. घरी येऊन म्हणाल्या, "म्हातारीचं मन कशाला मोडायचं?"

मी वेंगुर्ल्याची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन इतक्या लांब आले. थंडी ही पुस्तकात असते अशी माझी समजूत. पहिल्याच हिवाळ्यात माझे दात असे वाजायचे की सासूबाई विचारायच्या, "काही म्हणालीस का?" त्यात माझी पहिली संक्रांत आली. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने आणि आळीभर बायकांसमोर हळदीकुंकू. दागिने सासूबाईंनी स्वतः ओवलेले. आणि नळावर आळीतली एक बाई बोलताना माझ्या कानांवर आलं होतं, "कोकणातली पोर, हिला काही इथलं झेपत नाही. माहेरी पाठवतील बहुतेक." त्या दिवशी सगळ्यांसमोर कुडकुडले, तर संपलंच, असं मी धरून चालले होते.

काकूंनी मला त्यांच्या घरात ओढलं आणि आपला सगळा आतला संसार माझ्या अंगावर चढवला. वरून काळा लोकरी ब्लाउज. सूचना तर विचारू नका. "हात हलवत चालू नकोस, ऊब सांडते. श्वास जपून घे, पण घे हो. चहा पी, पण गरम नको." गरम नको तर चहा कशाला, हे मला कळेना. मी सगळ्याला मान हलवली.

थंडी वाजली नाही, हे खरं. पण बायकांनी खोली भरली आणि मी घामानं निथळू लागले. हलवा पाझरला. सासूबाई माझा हार सरळ करायला गेल्या, तर हाराला चिकटून ब्लाउजचा धागाच बाहेर आला. त्या ओढताहेत, ब्लाउज उसवतोय आणि सगळ्या बायका माना वळवून बघताहेत. मला वाटलं, रात्रीच्या गाडीनं वेंगुर्ला.

"ओढू नका हो वहिनी!" कोपऱ्यातून काकू ओरडल्या. "दागिन्यानं अंग धरलं की सून घर धरते. आमच्याकडे शुभ मानतात."

"अगंबाई, हो का?" नळावरची तीच बाई म्हणाली. सासूबाईंनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धागा सोडून त्यांनी माझा पदर पुढे ओढून दिला आणि म्हणाल्या, "धरलं बाई हिनं घर. घ्या, वाण घ्या."

नंतर कोमट पाण्यानं हलवा सोडवताना मी विचारलं, "काकू, आमच्याकडे म्हणजे कुठे हो?"

"कुठेच नाही गं. मी सोलापूरची. मीसुद्धा अशीच कुडकुडले होते पहिल्या वर्षी. थंडी वाजते का, असं कुणी विचारलं नाही." एवढं बोलून त्या हसल्या. ते हसणंच होतं का, मला अजून नक्की सांगता येत नाही.

आता काकू थकल्या आहेत, भाजीला जात नाहीत. भेटायला गेलं की मलाच बसवून माझंच करत राहतात, आणि मी गोंधळून तशीच परत येते. पण एक दिवस त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवणार आहे, आणि सोलापूरहून आलेल्या त्या पोरीला जे कुणी विचारलं नाही, ते विचारणार आहे. त्या काहीही म्हणोत, एवढी परतफेड मी करणारच.