वेलाच्या डेअरीचा खोडवा

भिमामावशींच्या हातात त्या दिवशी कोयता द्यायलाच नको होता. पण तो धार लावून आणला मीच, आणि "आटपा लवकर" म्हणून डोक्यावर बसलेही मीच.

आमचं गाव वडवणीपासून अर्ध्या तासावर. गावात बायकांची दूध संस्था आहे. कागदावर तिचं नाव 'उगवती महिला सहकारी दूध उत्पादक संस्था'. भिमामावशी तिच्या पहिल्या दिवसापासूनच्या अध्यक्ष, आणि मी, सुंदर, गावातली दहावी पास झालेली सून म्हणून सचिव. संस्थेला जागा कोणी देईना, तेव्हा मावशींनी आपल्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी करून दिली. बौद्ध वस्तीत दूध घालायला सगळं गाव येईल का, अशी कुजबुज झालीच. मावशी म्हणाल्या, "म्हशीला इचारा, तिला चालत असंल तर या." पहिल्या महिन्यात अकराजणी आल्या, वर्षभरात चाळीस.

खोलीची दर्शनी भिंत पश्चिमेकडची, वर पत्रे. संध्याकाळचं दूध टेम्पो येईपर्यंत कॅनमध्ये थांबायचं आणि उन्हाळ्यात तिथेच नासायचं. बायका हताश होऊन नासलेले कॅन बघत राहायच्या. मावशींनी सतरा हंगाम ऊसतोडीत काढलेले. माजलगावकडच्या एका कारखान्यावरून परतताना त्यांनी मधुमालतीचं एक मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि त्या भिंतीच्या बुडाशी लावलं. पाणी कुठलं? मावशींनी नियमच केला: दूध डेअरीला आणि किटलीचं विसळण वेलाला. चाळीसजणींच्या चाळीस किटल्या, सकाळ-संध्याकाळ. वेल नुसता माजला. मावशींनी त्याला जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांनी खिळ्यांना बांधत बांधत पत्र्यापर्यंत नेलं. भिंत झाकली, खिडकी झाकली, संस्थेची पाटीही झाकली. खोली मात्र रांजणासारखी गार झाली आणि दूध नासायचं थांबलं. सगळं गाव तिला 'वेलाची डेअरी' म्हणायला लागलं.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीत, टँकर आठवड्याला एकदा, तरी बायका छावणीत जाऊन धारा काढून दूध आणत होत्या. दूध थंड ठेवायचं यंत्र मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला होता. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक साहेब पाहणीला आले आणि स्टँडवर उतरून विचारू लागले, "उगवती महिला सहकारी संस्था कुठे आहे?" चहावाल्याला माहीत नव्हतं, न्हाव्याला माहीत नव्हतं. शेवटी साहेबांनी किटली घेऊन चाललेल्या केसरबाईंना विचारलं. केसरबाई नऊ वर्षं आमच्याकडे दूध घालतात. त्यांनी देवाशपथ सांगितलं, "असली कंची संस्था आमच्या गावात न्हाई बगा सायेब." साहेब परत गेले.

आठ दिवसांनी पत्र आलं. संस्था आढळून आली नाही. गुरुवारी पुन्हा पाहणी होईल, तेव्हाही आढळली नाही तर नोंदणी रद्द. गावात दूध घेणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या दुष्काळात शेतं कोरडी पडलेली, चाळीस घरांच्या चुली दुधावर पेटत होत्या. मी केसरबाईंना असं काही फैलावर घेतलं की त्यांची सून आडून ऐकत उभी राहिली.

"मला काय म्हाईत, ते आपलंच नाव हाय म्हणून?" केसरबाई म्हणाल्या.

मी दुहेरी बंदोबस्त केला. कार्यालयात फोन करून निरोप ठेवला की साहेबांना सांगा, 'वेलाची डेअरी' म्हणून विचारा, पोरगंही दाखवील. आणि मावशींना म्हटलं की पाटीपुरता वेल छाटू. माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

गुरुवारी सकाळचा टेम्पो गेल्यावर आम्ही लागलो. मी शिडीवर. मावशी म्हणाल्या, "खालचा गुंता मी बघते." पदर खोचला, कोयता उजव्या हातात घेतला, वाकल्या. मी वरून ओरडत होते, "मावशी, आटपा, साहेब येतील!"

आता ऊस तोडायचा तो जमिनीलगत. वर खुंट ठेवला तर गोडी त्या खुंटात राहते, म्हणून मुकादम मागे उभा राहून खेकसत असतो. सतरा हंगाम मावशींनी ते खेकसणं ऐकलेलं. माझा आवाज नेमका तसाच निघाला असणार. मावशींच्या डाव्या हाताने मनगटाएवढं खोड धरलं, उजव्याने एकच घाव घातला, आणि सवयीने हिसडा देऊन मागे ओढलं. चिंध्या नऊ वर्षांत कुजलेल्या. अख्खा वेल भिंतीवरून सुटला, शिडीसकट मला घेऊन खाली आला.

मी पानांतून डोकं बाहेर काढलं. मावशी कोयत्याकडे बघत होत्या.

"आगं सुंदर, मी तर ऊस तोडला की!"

मला हसू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसला. "आता संध्याकाळचं दूध कुठं ठेवायचं, मावशी? तुमच्या डोक्यावर?" मी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. मी जवळ जाऊन त्यांच्या केसांतली पानं काढली. म्हटलं, "पाटी तर दिसली ना?" दिसलीच होती. ऊन लागलं नव्हतं म्हणून अक्षरं काल रंगवल्यासारखी होती.

बायका जमल्या. पडलेल्या वेलाच्या त्यांनी उसाच्या मोळ्या बांधतात तशा मोळ्या बांधल्या आणि शेळ्यांसाठी डोक्यावर घेऊन निघाल्या. अकरा वाजले, बारा वाजले, साहेबांचा पत्ता नाही. साडेबाराला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेब 'वेलाची डेअरी' विचारत असणार, आणि लोक सांगत असणार, हिरवी भिंत दिसली की थांबा!

झालंही तसंच होतं. साहेब मोटारसायकलवरून हिरवी भिंत शोधत दोनदा आमच्या दारावरून गेले होते. तिसऱ्या फेरीला चावडीपाशी त्यांना केसरबाई दिसल्या, डोक्यावर मोळी.

"बाई, वेलाची डेअरी कुठे आहे?"

या वेळी केसरबाई चुकल्या नाहीत. "ही काय सायेब, माज्या डोक्यावर हाय. चला मागनं."

पुढे मोळी आणि मागे साहेब अशी वरात दारात आली. साहेब हसत होते, तेव्हा मला जरा धीर आला. त्यांनी पाटी वाचली, कॅन पाहिले आणि विचारलं, "यंत्राशिवाय इतकी वर्षं दूध टिकवलं कसं?"

"भिताडाला हात लावा," मावशी म्हणाल्या. भर दुपारी भिंत अजून गार होती. "नऊ वर्सं हेच मशीन चाललं. आज मीच बंद पाडलं."

साहेबांनी बराच वेळ भिंतीवर हात ठेवला. मग वहीत लिहिलं: संस्था आढळून आली, यंत्राची शिफारस करतो. मावशींनी विचारलं, "नाव काय लिवलं?" साहेबांनी वाचून दाखवलं, "उगवती महिला सहकारी दूध उत्पादक संस्था, ऊर्फ वेलाची डेअरी." केसरबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

यंत्र यायला वेळ होता. तोवर आम्ही भिंतीवर ओली पोती टांगली, आणि टेम्पोवाले शफीभाई आपण होऊन तासभर आधी यायला लागले. मावशींनी खोडाच्या खुंटाभोवती उसाचं वाळकं पाचट पसरलं आणि सगळ्यांना बजावलं, विसळण पहिल्यासारखंच इथं.

मी पुन्हा तापले. "शेळ्यांना प्यायला नाही आणि मेलेल्या खुंटाला काय पाजता?"

"मुकादम, गप ऱ्हावा," मावशी म्हणाल्या. "बुडातनं तोडलाय. तोडलेल्या उसाला खोडवा कसा फुटतो, तसाच ह्यो फुटंल. लई जोरात यील."

सोळाव्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायला गेले, तर पाचटातून बोटभर उंचीचे पाच तांबूस कोंब वर आलेले. मला इतका आनंद झाला की मी किल्ली दारातच टाकून गल्लीभर ओरडत सुटले. बायका किटल्या हिंदकळवत धावत आल्या. मावशी खाली बसल्या, कोंबांवरून बोट फिरवलं आणि एकेकीच्या तोंडाकडे बघून हसायला लागल्या. मग उठून त्यांनी लुगड्याची एक नवी चिंधी फाडली आणि पाटीच्या खालच्या खिळ्याला बांधून ठेवली, वेल वर येईल तेव्हासाठी.

"सुंदर, सायबाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग, तुमचं मशीन येऊ द्या सावकाश. आमचं जुनं चालू झालं."

मी खरंच लावला.