शेवटची भाकरी वाढणारी

आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेत कुणी विचारलं की शास्त्रातलं तुमचं आवडतं माणूस कोण, तर मी त्या भूत उठवणारीचं सांगते. बायका नाकं मुरडतात. मुरडू देत. मी पाळकाची मुलगी आहे, मला कुणी शास्त्र शिकवायची गरज नाही.

गोष्ट जुन्या करारातली. इस्राएलच्या पहिल्या राजाने देशातून मेलेल्यांना बोलावणाऱ्या सगळ्या बाया हाकलून दिल्या. पुढे युद्ध अंगावर आलं, देव बोलेना, आणि ज्याचा सल्ला घ्यायचा तो म्हातारा संदेष्टा मरून गेलेला. मग हाच राजा वेष पालटून अशाच एका लपूनछपून राहिलेल्या बाईच्या दारात गेला. माझे वडील यावर अंगावर काटा येईल असा उपदेश करत. पण संदेष्टा उठला, राजाला शाप देऊन गेला, की ते पुस्तक मिटायचे. पुढच्या चार ओळी त्यांनी कधी वाचल्या नाहीत. मीही त्या नुसत्या नजरेखालून घातल्या होत्या.

तेव्हा मी पोलादपूरच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात नर्स होते. वय सत्तावीस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. राग आमच्या घराण्यातच आहे. मी नर्सिंगला जायचं म्हटलं, वडिलांनी ठरवलेलं स्थळ मोडलं, तेव्हा त्यांनी रविवारी भर मंडळीसमोर आज्ञा मोडणाऱ्या मुलीवर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण अख्ख्या नगर शहराला कळलं. मीही डोक्यात राख घालून निघाले ती सह्याद्री उतरून थेट कोकणात आले. दोन वर्षं त्यांना एक ओळ लिहिली नाही.

दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि टपालवाल्याला म्हटलं, "परत पाठवा. घेत नाही म्हणून लिहा." तो बिचारा म्हणाला, "बाई, वडिलांचं दिसतंय." मी म्हटलं, "म्हणूनच."

तीन आठवड्यांनी तार आली. मी पोचले तोवर माती देऊन झाली होती. परत गेलेलं पत्र वडील असेपर्यंत घरी पोचलंच नव्हतं, ते त्यांच्या मरणाच्या दिवशी पोचलं. धाकट्या भावाने ते न उघडता त्यांच्या हाताखाली ठेवलं आणि पेटी बंद केली. मला म्हणाला, "तुला नको होतं ना? मग कुणालाच नको."

म्हणजे त्या पत्रात क्षमा होती की शाप होता, हे जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो मातीखाली होता.

मी पोलादपूरला परत आले. दोन महिने डोळ्यांत टिपूस नाही. घास घशाखाली उतरेना. प्रार्थनेला बसलं की समोर भिंत. आणि एक विचार मनात शिरला तो निघेचना. वरच्या वाडीत एक म्हातारी होती, मेलेल्या माणसाला बोलावणारी. लोक तिच्याकडे मूठभर तांदूळ घेऊन जायचे आणि आपल्या माणसाशी बोलून यायचे.

आता जळलं मेलं तेही सांगून टाकते. त्या म्हातारीला वाळीत टाकायला लावणारी मीच. सहा महिन्यांपूर्वी तिने एक तापाने फणफणलेलं पोर दोन दिवस अंगारे लावत ठेवून घेतलं होतं. माझ्याकडे आणलं तेव्हा उशीर झाला होता. ते माझ्या टेबलावर गेलं. मी बाजारात उभी राहून तिला नाही नाही ते बोलले, पाटलांच्या मागे लागले, आणि पाटलांनी दवंडी दिली की हिच्या दारात कुणी जायचं नाही. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

पौष महिना होता. पांढरी साडी काढून ठेवली, दवाखान्यात झाडणाऱ्या बाईचं जुनं लुगडं मागून नेसले, पदर कपाळावर ओढला आणि एकटी डोंगर चढू लागले. मी काय करतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. पाय तरी थांबले नाहीत.

वाडीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्या भागात भर बाराला कुणी एकटं रानात राहत नाही, ती वेळ वाईट म्हणतात. मी आजवर हसत आले होते. पण त्या दिवशी वाडीत माणूस नव्हतं. बापेमाणसं कामाला मुंबईला, बाया गवत कापायला लांब गेलेल्या. दारांना कड्या. एक कुत्रं सावलीत पडलं होतं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि भुंकलं नाही. उठून घरामागे गेलं. पान हलत नव्हतं. माझ्याच पावलांचा आवाज मला मागून येतोय असं वाटत होतं, म्हणून मी दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा तो आवाज एक पाऊल जास्त वाजला. आजही शपथेवर सांगेन.

म्हातारीचं घर शेवटचं, रानाला टेकलेलं. ती दारातच बसली होती. वाळून काटकी झालेली.

"कोन गो तू?"

"खालची हाय," मी आवाज बदलून म्हटलं. "बाप गेला. बोलायचंय."

"माज्याकडं यायला बंदी हाय, म्हाईत नाय? ती नर्सबाय मला तुरुंगात घालील."

"कुणाला कळणार नाय."

तिने माझा पदर, माझे पाय न्याहाळले. मग माझ्या हातातला तांदूळ घेतला आणि आत गेली, मी मागोमाग. तिची एक रीत होती. विचारणाऱ्याने दाराकडे तोंड करून बसायचं, ती मागे पाठीला पाठ लावून घराकडे तोंड करून बसणार. काहीही ऐकू आलं तरी मागे वळायचं नाही.

"जाळला का पुरला?" तिने विचारलं.

"पुरला."

"मग जवळच आसंल."

तिची हाडं माझ्या पाठीला टोचत होती. तिने सुपात तांदूळ फिरवायला सुरुवात केली. खर्र, खर्र. समोर दारातून पांढरंफेक ऊन दिसत होतं आणि मला मात्र हुडहुडी भरली. किती वेळ गेला कोण जाणे. मग सूप थांबलं.

आणि कुणीतरी घसा साफ केला.

माझे वडील प्रार्थनेआधी दोनदा घसा साफ करत. एकदा लहान, एकदा लांब. तसाच. माझ्या पाठीशी टेकलेल्या म्हातारीचा तो आवाज नव्हता, तिचं अंग हललंच नव्हतं. तो घराच्या आतल्या कोपऱ्यातून आला, जिथे धान्याच्या एका रिकाम्या कणगीशिवाय काही नव्हतं.

म्हातारी किंचाळली. असं किंचाळताना मी बाळंतिणीलाही ऐकलेलं नाही. सूप उडालं, तांदूळ माझ्या मानेवर पडले. "तू ती नर्सबाय! मला फशिवलंस! तूच ती!" शास्त्रातल्या त्या बाईनेही संदेष्टा दिसताच राजाला असंच ओळखलं होतं.

मी वळले नाही. रीत मोडली तर तो जाईल, एवढंच डोक्यात. "काय दिसतंय?" मी ओरडले. "सांग!"

"म्हातारा हाय. शाल पांघरलीय."

आता थंडीत कुठला म्हातारा शाल पांघरत नाही? पण मला तेव्हा कुठली अक्कल. "त्यांना विचार, पत्रात काय लिहिलं होतं. विचार, माझ्यावर रागावलेत का."

"बोलत नाय."

"विचार गं!"

"नाय बोलत. गेला."

बस्स. पुढचं मला आठवत नाही, कारण मी जागच्या जागी कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा चूल पेटली होती. बाहेर कोंबडीचा एकच आवाज झाला, मग थांबला. म्हातारी हातात पिसं घेऊन आत आली. तिच्याकडे एकच कोंबडी होती, अंड्यांवर बसलेली. टोपलीत अंडी उघडी पडलेली मला दिसत होती.

"अगं बाई, हे काय केलंस? मला काही नको."

"किती दिस जेवली नायस?"

"मी तुला वाळीत टाकायला लावलं."

"व्हय. लावलंस. आता मुकाट्यानं बस."

तिने नाचणीची भाकरी थापली, रस्सा केला आणि पान माझ्यापुढे ठेवलं. आणि तेव्हा मला वडिलांनी कधी न वाचलेल्या त्या चार ओळी आठवल्या. राजा उपाशी, भुईवर पडलेला. त्याने जिला देशोधडीला लावलं, तीच बाई त्याला म्हणते, चार घास खा. घरातलं वासरू कापते, पीठ मळून भाकरी भाजते. राजा दुसऱ्या दिवशी लढाईत मेला. त्याचं शेवटचं जेवण त्या बाईच्या हातचं. संदेष्ट्याने त्याला शाप दिला, मंडळीने त्याला नावं ठेवली, आणि भाकरी दिली ती जिला शास्त्रात साधं नावही नाही तिने. देवाने ते लिहून ठेवायला लावलं. पुसून नाही टाकलं. मी खाऊ लागले.

म्हातारी मात्र खात नव्हती. ती चुलीला चिकटून बसली होती. मला वाटलं, थंडीने.

"नर्सबाय," ती हळूच म्हणाली, "मला आजवर कोन दिसलंच नाय."

"म्हणजे?"

"नवरा गेल्यावर पोटासाठी सुरू केलं. लोक रडत यायचे. मी बोलायची, तुजा बाप सुखात हाय, तुजी आय सुखात हाय. सगळं माजंच. आज पैल्यांदा कोन तरी आलं." तिने कोपऱ्यातल्या कणगीकडे बघितलं आणि झटकन नजर फिरवली. "आन ते पोर. मला कळलं व्हतं गो, हा ताप माज्या हातचा नाय. दोन दिस कळत व्हतं. तांदूळ परत द्यावा लागंल म्हनून ठिवून घेतलं. आता कोन आलंय मला न्यायला? माजं कसं व्हईल?"

घास तोंडातच राहिला. त्या पोराचं तोंड मला दिसत होतं. पुन्हा तिला झोडपून काढावं असा राग आला, खोटं कशाला बोलू? तिची भाकरी तोंडात असताना आला. कणगीच्या कोपऱ्यातून आता काही आवाज नव्हता, पण तिथे कुणीतरी ऐकत थांबलंय असं आम्हा दोघींनाही वाटत होतं.

"क्षमा होते, मावशी," मी म्हटलं.

"याची पन?"

"याची पण होते."

"तुला कशावरनं ठावं?"

माझ्याकडे कागद नव्हता, कुणाचा शब्द नव्हता. मी भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातात ठेवला.

"कशावरून ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "जे ऐकायला मी इथवर चढून आले, तेच तुला सांगतेय."

ती रडू लागली. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मीही.