ओटीवरचं सामान

रोकडे सर कॉम्प्युटरसमोर कधी खुर्चीत बसत नसत. उभ्यानेच, कमरेत वाकून, हातात लाकडी फूटपट्टी धरून ते पडद्याकडे बघत. समोरचं यंत्र म्हणजे जणू गृहपाठ न केलेला विद्यार्थी. पडद्यावर इंग्रजी सूचना उमटली की ती मोठ्याने वाचत, लगेच तिचं मराठी करत आणि वर आपलं मतही देत. "फाइल सापडत नाय म्हणतो. आरं, डोळ्यांदेखत ठेवलीय, तरी सापडत नाय! हा आंधळा का मी आंधळा?" मग पट्टी टेबलावर आपटत. यंत्राला ती कधी लागली नाही, पण शेजारी बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पाठी आपोआप ताठ होत.

मुरबाडच्या एस.टी. स्टँडमागे एका गाळ्यात त्यांची टायपिंगची संस्था होती. मी टोकावड्याचा. आमच्या घरात शाळेपुढे गेलेलं कुणी नव्हतं. सरांनी मला फुकट टायपिंग शिकवलं, माझे कॉलेजचे अर्ज स्वतः भरले आणि मी नापास होईन या भीतीने माझ्याइतकेच तेही घाबरले. बी.कॉम.चा निकाल घेऊन मी गेलो, तेव्हा पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "झालास ना ग्रॅज्युएट? मंग उद्यापास्नं हितं ये. मुंबईच्या एका हापिसातले सहा जुने कॉम्प्युटर आणतोय. मला त्या डब्यांतलं काय कळत नाय." त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारीनासे झाले. मी ग्रॅज्युएट. खूश असले की 'आमचा ग्रॅज्युएट', आणि चिडले की 'काय हो ग्रॅज्युएट'.

त्या डब्यांत सरांना एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे मराठी टायपिंगचा प्रोग्राम. कल्याणच्या विक्रेत्याने तो सहाही मशीनवर बसवून दिला होता. "सीडी नंतर देतो," म्हणाला. नंतर आम्ही विचारायला गेलो, तेव्हा त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती आणि तो माणूस कुठे गेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

या प्रोग्रामवर सरांनी सरावाचे उतारे लिहिले. टायपिंगच्या जुन्या पुस्तकांत आदर्श नागरिक असत, हिमालयाचं सौंदर्य असे. सरांना त्यांचा कंटाळा आला होता. "वैशाखऱ्याच्या पोरीनं हिमालय कशाला टाइप करायचा? तिच्या दारात डोंगर हाय तो कुठं गेला?" म्हणून त्यांनी टोकावड्याचा बाजार लिहिला, भाताची मळणी लिहिली, घाटाच्या रस्त्यावर खडी फोडणारे आपले वडील लिहिले. कुठलं अक्षर कुणाला जड जातं हे बघून त्या अक्षराचे शब्द ते उताऱ्यात पेरत. कुठे छापलं नाही, कुणाला दाखवलं नाही. पोरं ते रोज टाइप करत, त्यांना दाखवताना मीही, एवढंच.

ते उतारे सगळ्यात जास्त बडवले ते मनीषाने. वैशाखरे गावाच्या वरच्या ठाकूरवाडीतली ही मुलगी सकाळी डोंगर उतरून एस.टी.ने यायची. तिला पहिल्या दिवशी सोडायला आलेल्या तिच्या वडिलांनी दारातूनच अट घातली होती, "मास्तर, मुरबाडपातूर धाडीन. त्याच्या म्होरं नाय."

"म्होरं कशाला जायाला लागतंय? परीक्षा हितंच व्हते," सर म्हणाले होते.

हे वाक्य खरं ठेवण्यासाठी आमचा सगळा खटाटोप झाला. आमच्याकडचा कॉम्प्युटरचा कोर्स चालवणाऱ्या मुख्य कार्यालयाने त्या वर्षी कळवलं की परीक्षा आता कॉम्प्युटरवरच होणार. तिचा प्रोग्राम प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हमध्ये बसला पाहिजे. एकाही मशीनवर बसला नाही तर केंद्र रद्द, मुलांनी कल्याणला जायचं. आणि आमची सी भरलेली. विक्रेत्याने प्रत्येक हार्ड डिस्कचे दोन भाग पाडले होते. सी एवढीशी, आणि डी ऐसपैस, जवळजवळ रिकामी. सगळे प्रोग्राम मात्र त्या एवढ्याशा सीमध्ये कोंबलेले.

सरांना उपाय लगेच सुचला. "सी म्हंजे ओटी, डी म्हंजे माळा. ओटीवर पाय ठेवाया जागा नाय आन् माळा रिकामा. ओटीवरचं सामान माळ्यावर टाका, झालं!"

मी म्हणालो, "सर, तसं होत नाही. प्रोग्राम काढून टाकावा लागतो आणि सीडीवरून डीमध्ये पुन्हा बसवावा लागतो. प्रोग्राम बसवताना तो कुठे आहे, याची नोंद विंडोजकडे होते. तो नुसता उचलून नेला तर विंडोज जुन्याच जागी शोधत राहते."

"मी रेमिंग्टन या टेबलावरनं त्या टेबलावर ठेवलं, तर ते टायपिंग विसरतं काय?"

"हे टाइपरायटर नाही सर."

"मंग इंडोजला नवा पत्ता सांग ना! एवढा शिकलास कशाला?"

मी वही आणायला बाजारात गेलो, तेवढ्यात सरांनी चार मशीनवरचे प्रोग्रामचे फोल्डर एकामागून एक उचलून डीमध्ये ठेवले. भेदभाव केला नाही. मराठीचा प्रोग्राम, चित्रं काढायचा, इतकंच काय, प्रिंटरचाही. मी आलो तेव्हा ते समाधानाने घाम पुसत होते. "बघ, ओटी कशी झाडून ठेवलीय." मग त्यांनी प्रोग्राम उघडायचं पडद्यावरचं एक चित्र दाबून बघितलं. फाइल सापडत नाही. दुसरं दाबलं. सापडत नाही. पट्टी आपटली. घाईघाईने सामान परत सीमध्ये आणलं, तर येताना काही वाटेत सांडलं असावं. काही प्रोग्राम उघडले, काही उघडून मिटले. मराठीचा तर त्या चारांपैकी एकाही मशीनवर उघडला नाही आणि प्रिंटरने जी मान टाकली ती टाकलीच.

मी त्यांच्यावर ओरडलो नाही, पण फार चिडलो होतो. ज्याचे उपकार असतात त्याच्यावर धड चिडताही येत नाही. मी बाहेर जाऊन पाण्याच्या पिंपाला लाथ मारली. आतून आवाज आला, "पिंपात पण फाइल सापडत नाय काय रे?"

एका संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला एक छोटा प्रोग्राम मिळाला. तो बसवलेले प्रोग्राम दुसऱ्या भागात हलवायचा आणि विंडोजकडची नोंदही बदलायचा. आता मराठी दोनच मशीनवर शिल्लक होतं. पाचव्या मशीनवर आधी एक खेळ हलवून बघितला. डीमधून झकास उघडला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "आमचा ग्रॅज्युएट!" मग मराठीचा प्रोग्राम हलवायला घेतला. पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ तासभर पुढे होती. त्या दिवशी वीजवाल्यांना तेवढाही धीर नव्हता. लाइट आल्यावर त्या मशीनवर विंडोजसुद्धा सुरू होईना. ते सगळं पुसून पहिल्यापासून बसवावं लागलं, आणि त्यात मराठी गेलं.

उरलं सहावं मशीन, खिडकीजवळचं, मनीषा बसायची ते. मुख्य कार्यालयाचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन तपासायला येणार होता. बाकीच्या पाचांवर निकामी सामान काढून परीक्षेचा प्रोग्राम मी एव्हाना बसवला होता. सहाव्यावर मराठी हलवायला जावं आणि पुन्हा लाइट गेली, तर सकाळपर्यंत मशीनच उभं राहिलं नसतं. सहाव्याच्या सीमध्ये जागा व्हायची तर एकच गोष्ट काढण्यासारखी होती.

मी म्हणालो, "सर, हा शेवटचा. हा काढला की तुमचे उतारे उघडणार नाहीत. फायली डीमध्ये राहतील, पण त्यातली अक्षरं या प्रोग्रामचीच आहेत. तो गेला की नुसता कचरा दिसेल. प्रिंटही निघत नाही. थोडे हाताने उतरवून घेऊ?"

"लाइट कधी जायाची?"

"कधीही."

"मंग उतरवत काय बसतोस?"

मनीषा मागेच उभी होती. ती म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या ना. मी बाबाला इच्यारीन कल्यानचं."

"तुझा बाप काय सांगंल ते मला ठावं हाय." सर वळले नाहीत. "उतारे मी लिवलेत गो, परत लिवीन. तू परत येणार हायस का?"

सरांनी पट्टी खिडकीत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसले. "कुठं दाबायचं ते सांग," मला म्हणाले, आणि प्रोग्राम त्यांनी स्वतःच काढला. खरंच काढायचा का, असं मशीनने विचारलं. तेवढी एक सूचना त्यांनी मोठ्याने वाचली नाही.

परीक्षा मुरबाडलाच झाली. मनीषा पास झाली. पुढे तालुक्यातल्या एका कार्यालयात लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी सरांना मोहाच्या फुलांची पिशवी आणून दिली. केंद्र टिकलं, म्हणून वाड्या-पाड्यांवरच्या आणखी मुली येत राहिल्या. सरांनी मात्र उतारे परत लिहिले नाहीत. मी मागे लागायचो. चिडून, विनवून, नवं मराठी सॉफ्टवेअर आणूनही. ते म्हणत, "लिवतो रे, घाई काय?" आणि कुणाच्या तरी मशीनकडे पट्टी घेऊन वळत. एकदा मात्र म्हणाले, "एकदा लिवलेलं दुसऱ्यांदा लिवाया बसलो ना, तर बाप नीट आठवत नाय. आधी काय लिवलं होतं तेच आठवत बसतो."

मला शहापूरला नोकरी लागली. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या जुन्या अक्षरांचं आताच्या मराठीत रूपांतर करता येतं. मी सुट्टी काढून मुरबाडला गेलो. गाळ्याला दुसरं कुलूप होतं. सर घरी, अंथरुणावर. मशीनं भंगारात गेली होती, माळ्यासकट. मी नुसता पायाशी बसून राहिलो. ते म्हणाले, "का रे ग्रॅज्युएट, तोंड का पाडलंस? सापडत नाय वाटतं?" महिन्याभरात ते गेले.

जलदानविधीला अंगणात मंडप घातला होता. वंदना झाली, चार लोक बोलले. मलाही बोलायला सांगितलं, पण जमलं नाही. मागे येऊन बसलो तर शेजारी मनीषा. केसांत थोडं पांढरं. मी तिला उताऱ्यांचं सांगितलं. एकही राहिला नाही, म्हणालो.

"तोंडानं नाय येत मला," ती म्हणाली. "थांबा जरा."

तिने पदर सावरला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि बोटं चालू झाली. बोटांच्या मागोमाग शब्द आले, एकेक, थांबत. "माझे वडील... घाटाच्या रस्त्यावर... खडी फोडत. दुपारी ते... खडीच्या ढिगाला... टेकून भाकरी खात. ढीग... तापलेला असे." बोटं थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडली. तिचा चेहरा रडवेला झाला.

माझीही बोटं केव्हा हलायला लागली, मला समजलं नाही. "म्हणून ते पाठीला... ओलं फडकं लावत," मी म्हणालो.

"हां! ओलं फडकं," ती म्हणाली. "आणि मला... सावलीत बसवत."

पुढचं आम्हाला दोघांनाही येत नव्हतं.